सतरा तासांची बैठक

मी विमानाला घाबरतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण विमानाच्या जवळपास जायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माणूस वाघाला घाबरतो की नाही हे त्याच्या बायकोला तरी कसं कळणार? त्यासाठी वाघ दारात यावा लागतो. आमच्या दारात तो फोनवरून आला.

"बाबा, तिकिटं काढली," लेक म्हणाली. "पुढच्या महिन्यातली. आता काही कारण काढू नका."

कारण काढायला तोंडच नव्हतं. एकुलती एक मुलगी, पहिलं बाळंतपण, आणि तेही पृथ्वीच्या पाठीवर जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन. जावई गुणी आहे, पण अंडं उकडायला ठेवलं की शेजारी खुर्ची टाकून बसतो. व्हिसाच्या कागदांवर मी हसत हसत सह्या केल्या होत्या, त्यालाही कारण होतं. सरकारी नोकरीत जन्म काढल्यामुळे तो व्हिसा वेळेत मिळणार नाही याची मला खात्री होती. त्या परक्या सरकारनं तो आठवड्यात पाठवून दिला. अशानं माणसाचा सरकारवरचा विश्वास उडतो.

माझी नोकरी वजनमापं खात्यातली. दुकानादुकानांतून फिरायचं, काटे तपासायचे, मीटरपट्ट्या मोजायच्या, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी भाजीवाली मला बघितलं की पारड्यात एक कांदा जास्त टाकते. सांगायचा मुद्दा, मोजमापाच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही असा माझा समज होता.

त्या समजाला पहिला तडा तिकिटानं दिला. तिकिटावर लिहिलं होतं, सकाळी आठला सुटणार, दुपारी दोनला पोचणार. तारीख तीच. म्हणजे सहा तास. छातीवरचा धोंडा एकदम उतरला. सहा तास काय, तेवढा वेळ मी खात्याच्या मोडक्या जीपमध्ये वजनांच्या पेट्यांशेजारी अंग चोरून काढलेला आहे. त्या दिवशी मी दोन्ही वेळा पोटभर जेवलो आणि जिन्यात भेटेल त्याच्याशी विमानप्रवासाबद्दल थोडं बोललोसुद्धा. तेवढंच चुकलं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक काकू राहतात. मुलाकडे दोनदा परदेशी जाऊन आल्या, तेव्हापासून सगळे त्यांना विमानकाकू म्हणतात. त्या आता लिफ्टमध्येसुद्धा विमानात बसल्यासारखी पर्स पोटाशी धरून उभ्या राहतात.

"सहा तास?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सतरा."

"तिकिटावर छापलंय, काकू."

"छापू दे. तिथली घड्याळं मागे असतात. अकरा तास. तुम्ही दोनला उतरणार ते तिथल्या दोनला. तुमच्या पोटातल्या घड्याळात तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असणार."

घरी येऊन मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. सतराच होते. दहा-दहा ग्रॅमसाठी मी माणसांवर खटले भरलेले आहेत. इथं अकरा तास मापात मारले होते, तेही छापील कागदावर, उजळ माथ्यानं. आणि जप्त करायला मला अधिकार नव्हता.

मग मी अंतराकडे वळलो. लेकीला फोन केला.

"साडेचौदा हजार किलोमीटर, बाबा. मधे कुठंही थांबत नाही. सरळ येतं."

सरळ म्हणाली खरी, पण तिनं मार्गाचं जे चित्र पाठवलं त्यात विमान निघाल्या निघाल्या वरच्या अंगाला वळत होतं, जगाच्या टाळूवरच्या बर्फावरून जात होतं आणि पलीकडून खाली उतरत होतं. मी भिंतीवरच्या नकाशाला माझी पोलादी टेप लावून बघितली. आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. नवीन गिऱ्हाईक बघून टॅक्सीवाला गावभर फिरवतो, त्यातला प्रकार.

"सरळ रस्ता सोडून हे बर्फावरून कशाला नेतायत?" मी विचारलं.

"बाबा, नकाशा सपाट आहे. पृथ्वी गोल आहे."

हे ती दुसरीत असताना मीच तिला संत्रं हातात धरून समजावलं होतं. शिकवलेलं असं कधी तरी अंगावर येतं.

आता खरं सांगायला हरकत नाही. मला पडण्याची भीती वाटत नव्हती. पडणं म्हणजे निदान एक निकाल तरी लागतो. भीती होती ती मधल्या वेळाची. सतरा तास आपण कुठंच नसणार. खाली काही नाही, बाजूला काही नाही, दार उघडून बाहेर जायची सोय नाही, आणि ज्याच्या हातात सगळं आहे त्या माणसाचं तोंडसुद्धा आपण पाहिलेलं नाही. ह्या विचारानं माझ्या तळपायांना घाम यायचा. पंख्याखाली बसून, मोजे न घालता. पण साठी उलटलेल्या माणसानं, ज्याला बघून व्यापारी शटर ओढायचे त्या माणसानं, बायकोसमोर हे कबूल करायचं म्हणजे काय? म्हणून मी कंबर पुढे केली.

"अगं, भीतीचा प्रश्नच नाही," मी म्हणालो. "प्रश्न बैठकीचा आहे. सतरा तास एका जागी बसलो तर माझी कंबर धरेल. तू एकटी पुढे जा, मी नंतर बघतो."

माझ्या बायकोनं आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले. कापड अंगावर धरून बघितल्याशिवाय ती कात्री लावत नाही. तिनं हातातलं बाळाचं झबलं खाली ठेवलं.

"मग बसून बघा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अहो, घरात खुर्च्या आहेत. येत्या रविवारी पहाटे बसा, रात्री उठा. कंबर धरली तर मी एकटी जाते. नाही धरली तर दोघं जाऊ."

भीतीचं सोंग कंबरेला दिलं की ते कंबरेनंच निभावावं लागतं. मी हो म्हणालो, आणि ही गोष्ट चार भिंतींत राहील असं मला वाटलं. पण विमानकाकूंना मापं विचारायला हीच खाली गेली, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दिवाणखान्याचं विमान होणार हे सगळ्या इमारतीला कळलं होतं.

काकू स्वतः तपासणीला आल्या. मी जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारी मांडल्या होत्या. त्या बघून त्यांनी मान हलवली.

"तीन लागतात. खिडकी, मधली, वाटेवरची. तुम्ही मधे. तिसऱ्या जागेवर परका माणूस असतो. ती मी बसेन."

"काकू, तुम्हाला परकं कोण म्हणेल?"

"सतरा तास म्हणाल," काकू म्हणाल्या. "आणि पुढची खुर्ची कुठाय? खरा त्रास पुढच्या खुर्चीचा. तो माणूस बसतो आणि पाठ मागे पाडतो, ती तुमच्या गुडघ्यांवर. त्याचा सराव नाही केलात तर काहीच केलं नाहीत."

पाठ मागे पडणारी खुर्ची आमच्याकडे नव्हती. इमारतीत ती एकच होती. पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी नवी घेतल्यावर जुनी खुर्ची पार्किंगमध्ये आणून टाकली होती. डॉक्टर म्हणाले, खुशाल न्या, परत आणू नका. आता ती चौथ्या मजल्यावर चढवायची एवढंच राहिलं, आणि इथं सेक्रेटरी आडवे आले.

इमारतीच्या सेक्रेटरींचा मी आदर करतो. नियम पाळणारा माणूस मला आवडतो, निदान तो नियम दुसऱ्याला लागू असेपर्यंत.

"इन्स्पेक्टरसाहेब, लिफ्टमधून माल नेता येत नाही. फक्त व्यक्ती."

"ही खुर्ची आहे."

"म्हणजे माल."

"आणि खुर्चीत व्यक्ती बसलेली असेल तर?"

सेक्रेटरी विचारात पडले. त्यांनी घरून नियमांचं पुस्तक आणलं, जिन्यात उभं राहून चाळलं आणि चाकाच्या खुर्चीची परवानगी 'बसलेल्या व्यक्तीसह' आहे असा निर्वाळा दिला. दातांच्या खुर्चीला खाली चार लहान चाकं होती. अशा रीतीनं मी त्या खुर्चीत आडवा होऊन, डोक्यावर तो बंद दिवा घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. भिंतीला ओरखडा पडू नये म्हणून सेक्रेटरी बरोबर आले. दुसरा मजला गेला, तिसरा यायच्या आत लिफ्ट एक आचका देऊन थांबली.

सेक्रेटरींनी सगळी बटणं दाबली. मग घंटा दाबली. ती वाजत नव्हती. तिच्या दुरुस्तीचा ठराव, त्यांनी सांगितलं, पुढच्या सभेत येणार होता.

"सेक्रेटरीसाहेब," मी थोड्या वेळानं विचारलं, "खाली किती असेल?"

"काय किती?"

"मोकळं. आपल्या खाली."

त्यांनी घंटा परत दाबून बघितली. वर दोर कुरकुरल्याचा आवाज आला. माझं तोंड कोरडं पडलं आणि कानांत कुणीतरी गिरणी चालू केली. मी डोळे मिटले, तर अंधारात आणखी खोल वाटायला लागलं.

"तुम्ही माझा हात धरलाय," सेक्रेटरी म्हणाले.

"खुर्चीचा आहे असं वाटलं."

"असू दे," ते म्हणाले, आणि मग धीर देण्यासाठी, "विमान काही असं मधेच थांबत नाही."

ही चांगली गोष्ट आहे की वाईट, यावर दुरुस्तीवाला येईपर्यंत मी विचार केला.

झालेला प्रकार कुणाला सांगितला नाही असं सेक्रेटरी शपथेवर म्हणतात. पण दुसऱ्याच दिवशी किराणा दुकानदारानं, ज्याचा काटा मी दोनदा जप्त केला होता, साखर बांधता बांधता मला विचारलं, "लिफ्टमध्ये रडलात म्हणे?" मी रडलो नव्हतो. मी फक्त मोठ्यानं श्वास घेत होतो. ते मी त्याला समजावून सांगितलं, तेव्हा दुकानात आणखी पाच गिऱ्हाइकं होती.

रविवारी पहाटे आमचं विमान सुटलं. खिडकीशी ही, मधे मी, कडेला काकू. पुढे दातांची खुर्ची, आणि तिच्यात सेक्रेटरी, कारण ती खुर्ची आता इमारतीच्या नोंदीत आल्यामुळे तिच्यावर लक्ष ठेवणं त्यांना भाग होतं. फोन काकूंनी काढून घेऊन स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये टाकला. "वर रेंज नसते," त्या म्हणाल्या. पोटावर पट्टा म्हणून माझाच जुना कमरपट्टा खुर्चीच्या दांडीला आवळून बांधला होता. काकूंनी आणलेलं सूप आम्ही कोपर न हलवता प्यायलो. त्यातलं निम्मं हिच्या स्वेटरवर गेलं, ते खऱ्या विमानातही जातं असं काकूंनी सांगितलं.

सूर्य वर आला तसा माझा धीरही वर आला. कंबर ठणकत होती, पण घर हलत नव्हतं. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची वाळत घातलेली चादर दिसत होती. ह्यात काय आहे, असं मला वाटायला लागलं. आणि त्याच वेळी, रात्री उठताना 'कंबर धरली' असं म्हणायचंच, हेही मी मनात पक्कं करत होतो. भीती किती लबाड असते बघा. स्वतः मागे राहते आणि माणसाला खोटं बोलायला पुढे पाठवते.

दुपारच्या सुमाराला काकूंना डुलकी लागली. सेक्रेटरींनाही लागत असावी, कारण त्यांनी बाजूची कळ ओढली. दातांच्या डॉक्टरांनी ती खुर्ची का टाकून दिली होती ते तेव्हा आम्हाला समजलं. पाठ सावकाश खाली येण्याऐवजी धाडकन आली, सेक्रेटरींचं डोकं माझ्या मांडीवर आणि खुर्चीचं सगळं वजन माझ्या गुडघ्यांवर. कळ परत हलेना.

"इन्स्पेक्टरसाहेब, मला उठता येत नाहीये," सेक्रेटरी छताकडे बघत म्हणाले.

"मलाही," मी म्हणालो.

ही खिडकीत अडकली, काकू वाटेत घोरत होत्या, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये फोन वाजायला लागला.

तो वाजून थांबला. लगेच परत वाजायला लागला.

हिनं घड्याळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "तिथं आत्ता मध्यरात्र असेल."

मध्यरात्री कुणी खुशालीचा फोन करत नाही. मी कमरपट्टा तोडला की सोडला ते मला आठवत नाही. सेक्रेटरी सांगतात की मी त्यांच्यासकट ती खुर्ची उचलून बाजूला फेकली. चार माणसांनी पार्किंगमधून ढकलत आणलेली खुर्ची. मला आठवतं ते एवढंच, की ड्रॉवर अडकला होता आणि आत तो वाजत होता.

जावई होता. त्याचा आवाज फार शांत होता, नको तितका शांत. रक्तदाब एकदम वाढलाय, तिला दवाखान्यात ठेवलंय. बाळाला कदाचित आत्ताच बाहेर काढावं लागेल. महिनाभर आधी. "तुमची तिकिटं मी उद्या सकाळची करून घेतली," तो म्हणाला. "याल ना, बाबा?"

"निघालोच," मी म्हणालो.

पुढचे काही तास इमारतीतल्या लोकांनी आम्हाला हाताळलं. काकूंनी बॅगा भरल्या. सेक्रेटरी एक खांदा धरून लंगडत आले आणि त्यांनी नळ, गॅस, विजेचं बटण सगळं स्वतः बंद केलं. कुणी सल्ला दिला नाही. आमच्या इमारतीत सल्ले बंद झाले म्हणजे प्रसंग किती गंभीर आहे ते समजावं.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर माझी बॅग अडकली. एका तरुण अधिकाऱ्यानं तीतून माझी पोलादी टेप बाहेर काढली. ती मी आयुष्यभर खिशात वागवली होती, काकूंनी भरलेल्या बॅगेत हिनं ती सवयीनं वरून टाकली असणार.

"हे नेता येणार नाही. धार आहे."

"ती प्रमाणित आहे," मी म्हणालो. "वजनमापं खात्याचा शिक्का आहे त्यावर."

"असेल, काका. जप्त करावी लागेल."

हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल. एरवी मी नियम विचारला असता, वरिष्ठांना बोलवा म्हणालो असतो. त्या दिवशी मी टेप सोडून पुढे झालो. हिनंच मागे वळून एकदा पाहिलं.

विमान जमिनीवरून उठलं तेव्हा मी कशाला घाबरायचं ठरवलं होतं ते मला आठवेना. पोटात खड्डा पडला, कान बंद झाले, खिडकीतून घरं वाटाण्याएवढी झाली, आणि हे सगळं दुसऱ्याच कुणाला होतंय असं वाटत होतं. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर एक लहान पडदा होता. त्यावर नकाशा, नकाशावर इवलंसं विमान, आणि खाली आकडा, अजून किती किलोमीटर. मी त्या आकड्याकडे बघायला लागलो. तो हलत नव्हता. म्हणजे हलत होता, पण ज्या विमानाचा मला धसका होता, जे म्हणे आवाजाच्या जवळपास वेगानं धावतं, ते त्या नकाशावर मुंगीसारखंसुद्धा सरकत नव्हतं.

तिथं काय झालं असेल? आम्ही विमानात चढेपर्यंत डॉक्टर अजून थोडं थांबून बघू म्हणत होते. ऑपरेशन सुरू झालं असेल का? संपलं असेल का? फोन हिच्या पिशवीत मेल्यासारखा पडला होता. सतरा तास आपल्यापर्यंत कुठलीही बातमी पोचू शकत नाही, चांगली नाही आणि दुसरीही नाही. मी मधल्या वेळाला घाबरत होतो ते बरोबरच होतं. कशासाठी घाबरायचं ते तेवढं चुकलं होतं.

मधे एकदा विमान गचके खायला लागलं. पट्टे बांधा म्हणून सांगितलं, पुढच्या रांगेत कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मी हवाईसुंदरीला बोलवायचं बटण दाबलं. ती खुर्च्या धरत धरत आली.

"काका, घाबरू नका. थोडा वारा आहे."

"घाबरलो नाही," मी म्हणालो. "थोडं जोरात नाही का जाता येणार?"

तिला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं. मी परत विचारलं.

"आपण ताशी नऊशे किलोमीटरनं चाललोय, काका."

"हो, ते दिसतंय. पण अजून थोडं."

मग हिनं तिला कारण सांगितलं, मोजक्या शब्दांत, शिवणाची मापं सांगावीत तसं. हवाईसुंदरी तशीच गचके खात पुढे गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. "कॅप्टनना विचारलं," ती म्हणाली. "वारा समोरून आहे, म्हणून जमत नाही म्हणाले. पण बर्फ संपल्यावर कमी होईल." आणि तिनं आमच्या दोघांच्या हातात न मागता चहा दिला. त्या वाऱ्याचा मला जितका राग आला तितका मापात पाप करणाऱ्या कुठल्याही दुकानदाराचा आला नव्हता.

इतका वेळ ही ताठ बसून होती. फोन आल्यापासून तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. बॅगा, पासपोर्ट, औषधं, सगळं तिनंच धरून ठेवलं होतं. आता खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं, आणि ती एकाएकी म्हणाली, "अहो, उतरल्यावर त्यानं काही वेगळंच सांगितलं तर?"

छत्तीस वर्षांच्या संसारात धीर देण्याचं खातं तिच्याकडे होतं. मला त्याची सवय नव्हती.

"चष्मा वरच्या बॅगेत राहिलाय," ती म्हणाली. "तो आकडा मला दिसत नाही. तुम्ही वाचा."

"सहा हजार एकशेवीस."

"वाचत राहा."

मग मी वाचत राहिलो. सहा हजार शंभर. सहा हजार ऐंशी. नोकरीत मी काट्यापाशी उभा राहून असाच वजनं सांगायचो आणि कारकून लिहून घ्यायचा. इथं लिहून घेणारं कुणी नव्हतं. ती माझ्या खांद्याला डोकं टेकून डोळे मिटून ऐकत होती, आणि मी थांबलो की "मग?" म्हणत होती. शेजारच्या परक्या माणसानं कानांत बोळे घातले. त्याला मी दोष देत नाही.

विमानतळाच्या दाराबाहेर कठड्यापलीकडे माणसांची रांग होती. जावई मला लांबूनच दिसला. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या घरात. तो दुसऱ्याच दाराकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघायला मी थांबलो. मला पुढे जाववेना. जोपर्यंत तो बघत नाही तोपर्यंत काहीच वाईट झालेलं नाही, असं माझे पाय मला सांगत होते. हिनं माझ्या हातातून ट्रॉली घेतली आणि सरळ चालत गेली.

त्यानं वळून पाहिलं. "मुलगी झाली," तो म्हणाला. "आई, दोघी ठीक आहेत. दोघी." आणि तो रडायला लागला. ही तिथंच ट्रॉलीवरच्या बॅगांवर बसली.

"वजन?" मी विचारलं. दुसरं काही तोंडातून येईना.

"एकोणीसशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलंय, पण डॉक्टर म्हणाले काळजी नाही."

जन्मभर मी कमी वजनाबद्दल लोकांना धारेवर धरलं. त्या क्षणी मी मनात म्हटलं, ह्यांचा काटा थोडा चुकलेला असू दे देवा, आणि असेल तर कमी दाखवणारा असू दे.

दवाखान्यात लेक उशांना टेकून पडली होती. चेहरा कागदासारखा, ओठ सुकलेले, हाताला नळ्या. हिनं जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मग बाळाच्या पेटीकडे गेली. मी पलंगाच्या पायाशी उभा राहिलो. लेकीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तेव्हा मला कळलं की तिला माझी भीती माहीत होती. बहुतेक लहानपणापासून माहीत होती. म्हणूनच तिनं तिकिटं न विचारता काढली होती.

"बाबा," ती म्हणाली, "एवढ्या लांब आलात?"

"लांब कुठं?" मी म्हणालो. "जवळच तर आहे."

तिचे ओठ हलले, आणि ती हसायला लागली. हसताना टाके ओढले जाऊन कळ आली, तिनं पोटाला हात लावला, पण हसू थांबेना. कसलंसं यंत्र टीं टीं करायला लागलं. नर्स धावत आली, तिनं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काय झालं ते न विचारता मला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं.

कॉरिडॉरमध्ये बसायला खुर्ची होती. मी बसलो नाही. दाराला कान लावून उभा राहिलो. आत ती अजून हसत होती.